दिनीला समुद्र कसा सांगायचा

लातूर,
३० जून २०२४

ती. लुंबिनीआत्यास,
ज्योत्स्नाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी खुशाल आहे आणि कंधारला तू व आजी दोघी बऱ्या असाल असं धरून चालते. इथं वसतिगृहाच्या दारातच मोबाईल काढून घेतात. रविवारी बाईंच्या फोनवर रांग लागते आणि आपली पाळी आली की मागच्या मुली घसा खाकरत राहतात. त्यात काय बोलणार? म्हणून पत्र. दारात पोस्टमन बघून तुला धडकी भरली असेल तर तू नर्सच आहेस, तुझं बी.पी. तूच बघून घे.

लातुरात येऊन डॉक्टरकीची शिकवणी न लावणारी मुलगी म्हणजे इथल्या लोकांना लग्नात उपाशी बसलेल्या पाहुण्यासारखी वाटते. पप्पाही अजून नाराजच आहेत. पण आमच्या शाळेनं यंदा अकरावीच्या कला शाखेला एक नवा विषय ठेवलाय. पूर्व आशिया आणि पॅसिफिक बेटांचं साहित्य. म्हणजे जपान, कोरिया, चीन, आणि महासागरात मोहरी सांडल्यासारखी बेटं. शिकवणारे वीरेश सर निलंग्याच्या पलीकडचे, सीमेवरचे आहेत. रागावले की कानडीत जातात. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, आपल्या नळाला आठवड्यानं पाणी येतंय अन् हे पोरींला समुद्र शिकवून राहिले.

पहिलीच गोष्ट जपानची होती, एका न्हाव्याची. किनाऱ्यावरच्या गावात भूकंप होतो, मागोमाग लाट येते, अर्धं गाव जातं. न्हाव्याचं दुकान टेकाडावर, म्हणून वाचतं. आठवड्यानं दुकान उघडतो तर नेहमीची गिऱ्हाईकं एकेक येऊन खुर्चीत बसतात. सगळ्यांचे केस ओले, खाऱ्या पाण्याचे. तो काही विचारत नाही. कापतो, पुसतो, पुन्हा पुसतो, पण केस काही वाळत नाहीत. संध्याकाळी टॉवेल पिळतो तेव्हा त्यातून मीठ पडतं. सर म्हणाले, ही भुताची गोष्ट म्हणून वाचू नका, कुणी ओल्या केसांनी घरी जाऊ नये अशी काळजी करणाऱ्या माणसाची म्हणून वाचा. पुनम, माझी खोलीतली मैत्रीण, त्या दिवसापासून न्हायल्यावर पंख्याखालून हलत नाही.

आता काम. बेटांवरचे लोक सभेत उभे राहिले की आधी आपला डोंगर सांगतात, मग पाणी, मग पूर्वज, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःचं नाव. सरांनी आम्हाला ते मराठीत करायला लावलंय. रविवारी पप्पा भेटायला आले तेव्हा त्यांना विचारलं. त्यांनी आजोबांचं नाव सांगितलं, तुझं सांगितलं आणि चप्पल घालून फाटकाकडं चालू लागले. म्हणून तुला विचारते. मागची सगळी नावं कळव.

आजीच्या पाया पडते. तुझी माया इथवर पोचते, ती आटू देऊ नको.

तुझी भाची,
ज्योत्स्ना


कंधार,
६ जुलै २०२४

चि. ज्योत्स्ना हिस,
आत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमननं ते माझ्या हातात द्यायच्या आधी उलटंपालटं करून पाहिलं, त्यालाही सवय राहिली नाही. आम्ही दोघी ठीक. दवाखान्यात तापाचे पेशंट वाढलेत. आजीच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, पण ऑपरेशनचं नाव काढलं की तिला ऐकू येत नाही. अजूनही अंगणातल्या पत्र्याखालीच झोपते, पाऊस असो का थंडी. डोक्यावर स्लॅब नको म्हणते. रेणापूरला तुमच्याकडं जाऊन राहा म्हटलं तर तेही नको. लातूरच्या दिशेची जमीन आपली न्हाई, म्हणते.

न्हाव्याची गोष्ट मी तिला वाचून दाखवली. ऐकून म्हणाली, चांगला माणूस व्हता.

आता नावं लिहून घे. डोंगर आपल्याकडं नाही, माळ सांग. नदी तेरणा. पणजोबा पंढरी. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. नाव विठोबाचं आणि वाट बुद्धाची, असं स्वतःच हसून सांगायचे. त्यांचे चिरंजीव व्यंकटी, तुझे आजोबा. गवंडी होते. दुसऱ्यांची घरं बांधता बांधता शेवटी स्वतःचं माळवदाचं घर बांधलं, दगडी भिंती, वर हातभर मातीचं छत. वस्तीत तेवढं एकच. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा कुडाच्या झोपड्यांतली माणसं वाचली आणि माळवदाखालचे तुझे आजोबा गेले. आजी सरजाबाई. त्यांची लेकरं दोन, मी आणि तुझा बाप आनंदराज. एवढंच. त्यापुढं तू.

ठणकावून म्हण, पुटपुटू नको. आणि केस वाळवून झोप. ते मात्र तुझ्या सरांच्या गोष्टीशिवायही मी सांगितलं असतं.

आहे तशी हसरी राहा, म्हणजे मला पुरे.

तुझी,
लुंबिनीआत्या


लातूर,
१४ जुलै २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर आलं, नावं पाठ केली आणि शुक्रवारी वर्गात म्हटली. त्याबद्दलच लिहायचंय, पण आधी एक हसण्यासारखं. सर सांगत होते की बेटांवरचे काही लोक भूतकाळ डोळ्यांपुढं असतो आणि भविष्य पाठीमागं असतं असं मानतात. जे गेले ते दिसतात, जे यायचंय ते दिसत नाही, म्हणून माणूस आयुष्यभर पाठमोरा चालतो. ते समजावं म्हणून त्यांनी आम्हाला व्हरांड्यात उलटं चालवलं. तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या आणि पुनम त्यांच्यावरच जाऊन आदळली.

मग एकेकीनं उभं राहून नावं म्हणायची होती. माझी पाळी आली. माळ म्हटला, तेरणा म्हटली, पंढरी, व्यंकटी, सरजाबाई म्हटलं. व्यंकटी-सरजाबाईंची लेकरं लुंबिनी, आनंदराज असं म्हटलं, आणि पुढं माझ्या तोंडून निघालं, "धम्मदिना."

आत्या, मी हे नाव कधी ऐकलेलं नाही. जीभ चुकली असं म्हणावं तर चुकलेल्या जिभेतून इतकं नीट नाव येतं का? सरांनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माहीत नाही. मुली हसल्या. पण पुनम नंतर म्हणाली की बाकीची नावं मी कविता म्हटल्यासारखी म्हटली आणि ते एक नाव दारात उभं राहून पोराला जेवायला हाक मारावी तसं.

त्याच वेळी खिडकीच्या काचा थरथरल्या. जमिनीखालून काहीतरी घरंगळत गेल्यासारखा आवाज आला. सगळ्या बाहेर पळालो. असे गूढ आवाज इकडं अधूनमधून येतच असतात, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात आणि लोक विसरतात. मीही विसरले असते. पण ते नाव विसरत नाहीये. वेणी घालताना, पोळी लाटताना ओठांवर येतं.

ही कोण आहे ते तुला माहीत असेल तर सांग. नसेल तर नाही म्हणून सांग, मी वेडीबिडी झाले नाही एवढं तरी मला कळू दे.

आजीला साष्टांग. माझ्यावर रागावू नको, जवळ धर.

तुझी,
ज्योत्स्ना


कंधार,
१९ जुलै २०२४

चि. ज्योत्स्ना हिस,
जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा आजी अंगणात गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. तुझी पत्रं मी तिला मोठ्यानं वाचून दाखवते. हेही वाचत गेले. डोळ्यांना कळायच्या आत ते नाव माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं.

आजी शेंगा मोडतच राहिली. मग म्हणाली, "फिरून वाच." मी वाचलं नाही. तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं, पदर नीट केला, चप्पल घातली आणि एस.टी. स्टँडच्या रस्त्याला लागली. मी तिला कोपऱ्यावरून परत आणली. ती कुठं निघाली होती हे मला विचारावं लागलं नाही.

ज्योत्स्ना, तुला दोन आत्या होत्या. धाकटी धम्मदिना. आम्ही दिनी म्हणायचो. भूकंप झाला तेव्हा ती अजून शाळेतही जात नव्हती. मी त्या वेळी नांदेडला नर्सिंग शिकत होते. गावात गणपती बोळवून लोक दमून झोपले आणि पहाटे घरं बसली. तुझा बाप ओट्यावर झोपला होता म्हणून बाहेर फेकला गेला. आजीला दगडाखालून काढली ती बेशुद्ध, मिलिटरीच्या गाडीतून सोलापूरला नेली. आजोबा सापडले. दिनी सापडली नाही. तशा कितीतरी जणांची माणसं सापडली नाहीत. पाऊस लागला होता, चिता एकत्रच पेटत होत्या, कोण कुणाचं ओळखणार?

आजी बरी होऊन आली आणि शोधायला लागली. कुणी सांगे, तशी पोरगी उमरग्याच्या छावणीत पाहिली. कुणी सांगे, कुण्या संस्थेनं पुण्याला नेली. घरात नुसतं नाव निघालं की ती उठायची आणि चालू लागायची. एकदा निलंग्याच्या रस्त्यावर उन्हात पडलेली सापडली. त्या दिवशी तुझ्या बापानं आम्हाला सांगितलं की आजपासून या घरात ते नाव कुणी घ्यायचं नाही. मिसरूड न फुटलेलं पोर, पण आम्ही मोठ्यांनी त्याचं ऐकलं. तेव्हापासून कुणी घेतलं नाही. तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

मी नर्स आहे आणि बुद्धाची उपासिका आहे. मेलेलं माणूस कुणाच्या जिभेवर येऊन बसत नाही. लहानपणी तू आजीच्या कुशीत झोपायचीस. झोपेत ती बरळली असेल, तुझ्या कानात राहिलं असेल. तसंच असणार. तरीही एक सांगते ते ऐक. भूकंपानंतर ओस पडलेल्या आपल्या जुन्या गावाकडं जाऊ नको. कुणी नेलं तरी जाऊ नको.

मी दोन दिवस रजा टाकून घरीच आहे. आजी बोलत नाही, पण जेवते. तू जपून राहा.

तुझी,
लुंबिनीआत्या


लातूर,
२३ जुलै २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आम्ही शनिवारीच जुन्या गावाला जाऊन आलो होतो.

सरांनी सहल काढली होती. समुद्र चढत असल्यामुळं बेट सोडून जाणाऱ्या लोकांच्या कविता सध्या चालू आहेत. सर म्हणाले, समुद्र तुम्ही पाहिला नाही, पण सोडलेलं गाव तुमच्या जिल्ह्यात आहे, ते पाहा म्हणजे कविता कळेल. गाव निवडताना ते माझं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. फाट्यावरची पाटी वाचली तेव्हा मलाही कळलं.

भर दुपार होती. ढग होते, पण उजेड चांगला होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन हिरवं आणि मध्ये वेड्या बाभळी. बाभळींत दगडांचे ढीग. मुली खिदळत उतरल्या आणि आत गेल्यावर आपोआप हळू बोलायला लागल्या. कुठं नुसता उंबरा उभा आहे, कुठं घराच्या मधोमध सीताफळाचं झाड. पाखरू एक नाही. सरांनी एक कविता वाचली. बेटावर शेवटची होडी सुटताना एक बाई विचारते की मागाहून कुणी या गावाला हाक मारली तर ओ कोण देणार?

मग निघताना सर हजेरी घ्यायला लागले. माझं नाव त्यांनी कागदावर आहे तसं पूर्ण वाचलं, ज्योत्स्ना आनंदराज सोनकांबळे. मी तोंड उघडायच्या आत उत्तर आलं.

"हाय मी हितं."

माझ्या मागून, डाव्या हाताला, अगदी खालून, जमिनीच्या उंचीवरून. लहान मुलीचा आवाज. घाबरलेला नव्हता. पुष्कळदा ओ देऊन कंटाळल्यावर पोरं बोलतात ना, तसा. सरांनी मान वर न करता खूण केली आणि पुढचं नाव वाचलं. त्यानंतर मी हजर म्हटलं. तेव्हा त्यांनी वर पाहिलं. पुनमनं माझं मनगट धरलं. कुणी हसलं नाही. मागं दगडांचा ढीग आणि बाभळ, दुसरं काही नव्हतं. सरांना वाटलं, मी ऐकण्यात चुकलो. त्यांनी माझं नाव परत वाचलं, आणि तेच उत्तर परत आलं, या वेळी जरा घाईनं.

सरांनी कागद घडी करून खिशात घातला आणि आम्हाला बसमध्ये बसवलं. रस्ताभर ते ड्रायव्हरशी नुसतं कानडी बोलत होते. सोमवारी मला बोलावून म्हणाले की ते प्रत्येक मुलीचा आवाज ओळखतात आणि तो आवाज आमच्यापैकी कुणाचा नव्हता. त्यांनी माझ्यासमोर पप्पांना फोन लावला. पप्पांनी सगळं ऐकून एकच विचारलं. नाव कसं वाचलं होतं, वडिलांच्या नावासकट? सर हो म्हणाले. फोन तिकडून बंद झाला.

आत्या, मला भीती वाटली नाही. मला तिथं त्या ढिगाशेजारी बसून राहावंसं वाटत होतं. पुनमनं ओढून नेलं नसतं तर बसले असते. हे आठवलं की मग भीती वाटते.

लवकर लिही. तुझ्या अक्षराची वाट पाहते.

ज्योत्स्ना


कंधार,
२१ ऑगस्ट २०२४

चि. ज्योत्स्ना हिस,
जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला महिना लावला. अर्धवट लिहिण्यात अर्थ नव्हता.

तुझ्या सरांचा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा बाप इथं आला. पाणी पुढं केलं तर तांब्या तसाच हातात धरून आजीपाशी पत्र्याखाली बसला. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. पहाटे घर बसल्यावर तो एकटाच तिथं होता, हे आम्हाला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. तो दगड उपसत दिनीला हाका मारत होता, आणि ती खालून ओ देत होती. त्यानं हाक मारली की ती म्हणायची, हाय मी हितं, दादा. मोठी माणसं आपापल्या ढिगावर होती. त्यानं हातानं जेवढं निघतंय तेवढं काढलं. सूर्य डोक्यावर येईपर्यंत ती ओ देत राहिली.

तो आजीला म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू जन्मभर तिथंच उकरत बसली असतीस, माय. म्हणून न्हाई सांगितलं. आता पोरीच्या हजेरीत तिनं माझं नाव ऐकलं."

मला वाटलं आजी ओरडेल, कोसळेल. मी आत जाऊन औषधाचा डबा काढून ठेवला होता. तिनं त्याची बोटं एकेक करून हातात घेऊन पाहिली, जणू दगड उपसून तो आत्ताच आलाय. मग विचारलं, जागा दावशील का.

श्रावणी पौर्णिमेला आम्ही गेलो. तुला बोलावलं नाही, परीक्षा हे निमित्त. खरं म्हणजे आजीनंच सांगितलं, "ज्योत्स्नाला आणू नका. दिनी ल्हान हाय. खेळायला कुणी गावलं तर सोडायची न्हाई." हे ऐकून मी स्वतःला म्हटलं, म्हातारी माणसं असं बोलतातच.

आनंदराजनं पहार आणली होती, बरोबर त्याचे दोन लाईनमन मित्र. जागा त्यानं अशी दाखवली जशी काल पाहिली होती. त्यानं पहार उचलली आणि आजीनं त्याच्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "हाडं ऱ्हाऊ दे. हाडांचं काय करायचंय? म्या पोरीला न्यायला आलेय."

मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील झालं, पाणी सोडलं. इतक्या वर्षांत दिनीसाठी हे काहीच झालं नव्हतं, कारण ती गेली असं आजीनं कधी म्हटलं नव्हतं. आताही म्हटलं नाही. ती दगडावर बसून बोलायला लागली. तुझ्या बेटवाल्यांचंच, पण उलट्या बाजूनं. दिनीच्या मागून जे आले त्यांची नावं तिला सांगितली. दादा लाईनमन झाला, खांबावर चढतो. त्याची बायको स्वभावानं गोड आहे. लुंबीअक्का नर्स झाली, तिच्या डोक्याचे केस पिकले. तुला भाची झाली, ज्योत्स्ना नाव, लातूरला समुद्रापलीकडच्या गोष्टी शिकून राहिली. मधे मधे थांबायची. आनंदराज तोंड फिरवून उभा होता. मला फक्त वाऱ्यानं सोयाबीनच्या शेंगा वाजल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, पण वारा नव्हता आणि शेंगाही अजून भरलेल्या नव्हत्या.

शेवटी ती उठली, लुगडं झटकलं आणि खाली पाहून म्हणाली, "चल मग."

परतताना जीपमध्ये आजी खिडकीकडं सरकून बसली आणि आम्हा दोघींमध्ये थोडी जागा सोडली. मी तिथं पिशवी ठेवायला गेले तर तिनं पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली.

मी नर्स आहे हे मी मागं लिहिलं होतं. पुन्हा लिहिते, माझ्याच समाधानासाठी.

तुझी,
लुंबिनीआत्या


लातूर,
३० ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी गच्चीवर बसून वाचलं आणि खाली आल्यावर पुनमला वाचायला दिलं. तिनं ते परत दिलं आणि माझी वेणी घालून दिली.

रविवारी पप्पा आले होते. फाटकाजवळच्या बाकावर बसले आणि स्वतःहून बोलायला लागले. दिनी त्यांच्या खांद्यावर बसून त्यांचे कान धरायची. गूळ चोरून ओट्याखाली ठेवायची आणि मुंग्या लागल्या की दादानं ठेवला म्हणून सांगायची. माझे पप्पा असं सलग बोलतात हेच मला माहीत नव्हतं. मग म्हणाले, त्या न्हाव्याची गोष्ट सांग. मी सांगितली. ते फाटकाकडं बघत ऐकत होते. झाल्यावर विचारलं, तो न्हावी त्या लोकांला घर कुठंय म्हणून विचारत न्हाई का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, विचाराया पाहिजे व्हतं.

आणखी एक. पौर्णिमेनंतर ते एकटेच पुन्हा जुन्या गावाला गेले होते. ढिगापाशी उभं राहून त्यांनी पुष्कळ हाका मारल्या. काही आलं नाही. ते म्हणाले, आता तिथं कुणी न्हाई, नुसते दगड हायेत. हे सांगताना त्यांचा चेहरा हलका होता, पण मला ऐकून कसंतरी झालं. तिथं नाही, तर मग कुठं?

शाळेत दोन पालकांनी तक्रार केली की या विषयानं मुली घाबरून राहिल्या. मुख्याध्यापिकांनी सरांना तास बंद करू का म्हणून विचारलं. सर आमच्यापुढं उभे राहून म्हणाले की तुम्हीच ठरवा. मग मी उठून म्हटलं की आमच्या घरात इतकी वर्षं एक नाव बंद होतं, ते या तासाला उघडलं, म्हणून मला तास हवा. पुनमनं हात वर केला, मग बाकीच्यांनी. पप्पांनीही शाळेत येऊन सही दिली. तास चालू राहिला.

आजीसाठी बेटावरची एक छोटी गोष्ट वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाठवते. एका कासवीची आहे, जिला अंडी घालायची वाळू सापडत नाही. भीतीची नाही.

तुझी माया आहे म्हणून इतकं लिहिता येतं.

तुझी,
ज्योत्स्ना


कंधार,
१५ सप्टेंबर २०२४

चि. ज्योत्स्ना हिस,
जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तास राहिला हे वाचून बरं वाटलं. वर्गात उभी राहून बोललीस, त्याचं मी दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं. इकडं पाऊस थांबून थांबून पडतोय. आजीनं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं कबूल केलं. स्वतःहून. नीट दिसाया पाहिजे, म्हणाली.

कासवीची गोष्ट मी तिला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला दवाखान्यातून आले तर ती पत्र्याखाली बसून तीच गोष्ट सांगत होती. आपल्या बोलीत, हातवारे करून. मी फाटकापाशीच थांबले. ती मधे थांबायची, मान हलवायची, मग पुढं सांगायची. समोर चटई पसरलेली. चटईवर कुणी नव्हतं. मी चहा करायला आत गेले.

असं रोज चालतं. मी तिला तपासलं, ताप नाही, साखर बरोबर, सगळ्यांची नावं-गावं बरोबर सांगते. जेवते, झोपते, हसते. माझ्या आईला हसताना मी किती वर्षांनी पाहतेय, ते मोजायला बसत नाही.

परवा मी कपडे वाळत घालत होते. आजीनं हाक मारली आणि अगदी सहज म्हणाली, "लुंबे, समुद्र म्हंजे काय म्हणून विचारून राहिली. म्या कुठं पाह्यलाय? तू सांग."

मी ओले कपडे हातात घेऊन उभी राहिले. कोण विचारतंय, हे मी विचारायला हवं होतं. एक नर्स म्हणून तर विचारायलाच हवं होतं. पण मी एकदा सहा डिसेंबरला दादरला गेले होते, तेव्हा चैत्यभूमीच्या मागं समुद्र पाहिला होता. मी चटईसमोर बसले आणि सांगायला लागले. आपल्या तळ्याचा पलीकडचा काठ काढून टाकला तर कसं दिसेल, तसा. पाणी खारट, पिता येत नाही. ते सारखं हलतं, पायाला गुदगुल्या करतं, पायाखालची वाळू ओढून नेतं. हात धरायला कुणी असलं तर भीती वाटत नाही.

बरंच बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी आजीकडं बघतच नव्हते. मी बोलत होते चटईकडं बघून, मान खाली घालून, चार-पाच वर्षांच्या पोरीशी बोलावं त्या उंचीला. आणि सावकाश, तिला सगळं कळावं म्हणून. बोलताना माझा हात चटईवर उघडा पडला होता. तो मी लगेच उचलला नाही.

मला येत होतं तेवढं मी सांगितलं. पण पाणी रोज मागं जातं आणि रोज परत का येतं, ते मला नीट सांगता आलं नाही. तुझ्या सरांना विचारून कळव. सोप्या शब्दांत लिही.

आम्हा तिघींचा तुला आशीर्वाद.

तुझी,
लुंबिनीआत्या